फळ्यावरचे त्रेपन्न

तुम्हाला चोर शोधायचाच नव्हता. तो तुम्ही ठरवून टाकला होतात, आणि त्याच्या नावाखाली सही करायला तुम्हाला एक जळकी बाई हवी होती. ती चटकन सापडलीही. वाशीच्या त्या कचेरीत कोण कुणावर जळतं हे शिपायापासून खुर्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तुमचं चुकलं ते एवढंच, की जळणारं माणूस किती बारीक बघतं याचा तुम्ही हिशेब धरला नाहीत. इतरांनी धरला नसता तर चाललं असतं. तुम्ही धरायला हवा होता.

१

सत्त्याण्णव सालचा ऑक्टोबर. शिक्षक महासंघाचं कार्यालय वाशीत, पंखे-इस्त्र्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. सोमवारी सकाळी गोटीराम शिपायानं बैठकीची खोली उघडली आणि तो उंबऱ्यातच थबकला. समोर भिंतभर काळा फळा. शनिवारी संध्याकाळी तो आकड्यांनी गच्च भरलेला होता. आता कोरा. फक्त अगदी वरच्या कडेला, तारखेच्या शेजारी, ठसठशीत अक्षरांत एक ओळ तेवढी उरली होती: ‘पुसू नका. क्षिप्रा.’

कुणीतरी सगळं पुसलं होतं आणि ‘पुसू नका’ तेवढं जपून ठेवलं होतं.

मंजुषा पिसाळ गोटीरामच्या मागून आली, तिनं फळा बघितला आणि तिला हसू आलं. खोटं कशाला बोला, बरं वाटलं तिला. ती महासंघाची सहचिटणीस. एरवी सकाळी शिरवण्याच्या शाळेत मराठी शिकवायची, दुपारनंतर इथं; सहामाही परीक्षेमुळे त्या दिवशी सकाळीच आली होती. क्षिप्रा नाडगौडा ही महासंघाची संशोधक, अर्थतज्ज्ञ. फळा भरायचा आणि तसाच सोडून घरी जायचं, ही तिची सवय. या कचेरीतला बाकीचा प्रत्येक माणूस कधी ना कधी वर्गावर उभा राहिलेला. भरलेला फळा मागं ठेवून जाणं म्हणजे त्यांना जेवून ताट न उचलण्यासारखं वाटायचं. त्यावरून टोमणे रोजचेच.

क्षिप्रा आली. कोऱ्या फळ्याकडे बघत थोडी उभी राहिली. मग म्हणाली, “असू दे. आता त्याची गरज नाही.” आणि आपल्या केबिनमध्ये गेली.

त्याच दिवशी मंजुषाच्या लक्षात आलं की फळ्याशेजारच्या कपाटातली एक शालही गायब आहे. महासंघ सत्कारांसाठी शालींचा साठा ठेवतो, आणि त्या आणते मंजुषाच. तिनं अध्यक्षांना, तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या त्या उंच गृहस्थांना, सांगितलं. ते म्हणाले, गोटीरामला दम द्या. आपण स्वतः शनिवार दुपारपासून पनवेलला लेकीकडे होतो, कार्यालयाचं तोंडही पाहिलेलं नाही, असंही त्यांनी न विचारता सांगितलं.

संध्याकाळी क्षिप्राचा अहवाल कार्यकारिणीच्या सभासदांना वाटला गेला. ही मंडळी शिक्षक, त्यामुळे गुप्त कागद म्हटलं की त्यांना बोर्डाची प्रश्नपत्रिकाच आठवते. जाड पाकीट, तोंडावर लाखेचं सील, सीलवर आडवी सही.

त्या पाकिटात काय होतं ते इथंच सांगून टाकतो. सरकारनं नेमलेली एक समिती वर्गाच्या तुकडीत किती मुलं असावीत हे ठरवणार होती. तुकडीत मुलं वाढली की तुकड्या कमी होतात, आणि तुकड्या कमी झाल्या की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. म्हणजे आज नेरुळला शिकवणारा उद्या कुठल्यातरी घाटावर, नाहीतर घरी. महासंघ उघडपणे चाळीस मागत होता. समोरचे साठ म्हणत होते. पण एकाही शिक्षकाची नोकरी न जाता मागं कुठवर सरकता येईल, तो शेवटचा आकडा क्षिप्रानं काढला होता. तो आकडा समोरच्याला कळला तर बोलणी बसायच्या आधीच संपली.

बुधवारी बेलापूरला सुनावणी होती. जाताना गाडीत क्षिप्रा अध्यक्षांना म्हणाली की अहवालातल्या दोन गोष्टी तुम्हाला समजावून सांगते. अध्यक्षांनी मांडीवरच्या पाकिटावर हात ठेवला. “मॅडम, अहवाल मला तोंडपाठ आहे.”

समितीवरचे अधिकारी आले, बसले, पाणी प्यायले आणि पहिल्याच वाक्याला म्हणाले, “आमचा प्रस्ताव त्रेपन्नचा आहे.”

पन्नास नाही, पंचावन्न नाही. त्रेपन्न. असा आकडा कुणाच्या सहज तोंडात येत नाही. क्षिप्राचा चेहरा पांढरा पडला. तो पडलेला मंजुषानं पाहिला.

बाहेर जिन्यात अध्यक्षांनी पाकिटावर मूठ आपटली. “हा आपला आकडा आहे. या अहवालातला. आपल्यातल्याच कुणीतरी विकला.” क्षिप्रा “सर, तो आकडा...” एवढं बोलली आणि गप्प झाली. तेही मंजुषानं पाहिलं.

वाशीला परतल्यावर अध्यक्षांनी मंजुषाला केबिनमध्ये बोलावून घेतलं. रविवारी नेरुळला सर्वसाधारण सभा होती. तोवर चौकशी करून नाव द्यायचं. पोलीस नकोत, संघटनेची अब्रू जाते. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “ती केबिन रिकामी झाली, बाई, तर तिथं आपल्यातलंच माणूस बसायला पाहिजे. नाव कुठलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे.”

२

मंजुषाला ते नाव चार वर्षं ठाऊक होतं.

क्षिप्रा यायच्या आधी महासंघाचे आकडे मंजुषाच करायची. कार्बन लावून, हातानं, पंख्याखाली उडणारे कागद पेपरवेटनं दाबून. मग विद्यापीठातली हंगामी नोकरी सोडून ही आली. शिक्षकांच्या पगारावर पीएच.डी. केलेली. पहिले सहा महिने तिला टेबलसुद्धा नव्हतं; सायक्लोस्टाइल मशीनपाशी स्टुलावर बसायची, आणि येणारा-जाणारा विचारायचा की शिक्षकांच्या संघटनेला अर्थतज्ज्ञ कशाला लागतो, चहाचा हिशेब ठेवायला? मग तिनं ग्रामीण शाळांवरचा पहिला अभ्यास काढला, तो वर्तमानपत्रांनी छापला आणि मंत्रालयातून फोन आला. त्यानंतर काचेची केबिन मिळाली. कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरला गरम होतं म्हणून एसी आला. मंजुषाला मात्र अजून पंखाच. मंजुषा ‘बाई’, आणि ती ‘मॅडम’. वयानं धाकटी असून.

क्षिप्राचा प्रत्येक अहवाल मंजुषा घरी नेऊन लाल पेनानं तपासायची. चूक शोधायला. चार वर्षांत एक सापडली नव्हती, आणि हाच तिच्या पोटातला खरा निखारा होता.

गुरुवारी ती काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली. एसीच्या गारव्यात तिला आधी राग आला, मग बरं वाटलं. तिनं सरळ विचारलं, पाकीट कुणाला दाखवलंत? क्षिप्रानं कुणाला नाही म्हणून सांगितलं. मग त्रेपन्न ऐकून तोंड का उतरलं? क्षिप्रानं उलट तिलाच विचारलं.

“तुम्ही नाव लिहून टाकलंय ना, बाई? मग विचारता कशाला?”

“लिहिलं नाही अजून.”

“रविवारी माझ्या नावापुढे फितूर लागलं, की दुसरी कुठलीच संघटना मला दारात उभी करणार नाही. कामगारांची नाही, बँकवाल्यांची नाही. विद्यापीठात परत जायचा रस्ता मी स्वतः बंद केला, इथं यायला. हे काम करणारी मी एकटी आहे हो या शहरात. गेलं की गेलं.”

बोलण्यात रडं नव्हतं. मंजुषाला ते जास्तच टोचलं. रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आपल्या टेबलाशी आली आणि कागदावर ‘क्षिप्रा नाडगौडा’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग नावाला पुरावा हवा म्हणून आपलं पाकीट पिशवीत टाकून घरी निघाली.

३

सहामाहीचे पेपर तपासायच्या गडबडीत ते पाकीट तिनं सोमवारपासून उघडलं नव्हतं. नेरुळच्या सिडकोच्या खोलीत कुकर लावून तिनं सील फोडलं आणि लाल पेन हातात घेतलं. आज चूक सापडायलाच हवी होती.

पानामागून पान. शाळा, तुकड्या, पट. बेरजा बरोबर. टिपा बरोबर. शेवटच्या पानावर निष्कर्ष, चौकटीत.

कुकरची शिटी झाली, दुसरी झाली. मंजुषा उठली नाही.

चौकटीत एक्कावन्न लिहिलं होतं.

तिनं अहवाल पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्रेपन्न त्यात कुठेच नव्हतं. उलट लिहिलं होतं की एक्कावन्नच्या पुढं एक मूल गेलं तरी लहान गावांतले शिक्षक अतिरिक्त ठरायला लागतात. म्हणजे आपल्याच आकड्यावर तडजोड झाली म्हणत महासंघानं त्रेपन्नला मान डोलावली असती, आणि ते शिक्षक सह्या होता होता घरी बसले असते.

अहवाल फुटलाच नव्हता. मग फुटलं काय?

४

शुक्रवारी ती काही न बोलता केबिनमध्ये शिरली आणि शेवटचं पान क्षिप्रापुढं ठेवलं. क्षिप्रानं पानाकडे पाहिलं, मग समासातल्या लाल खुणांकडे.

“तुम्ही वाचता?” ती म्हणाली. “अख्खा?”

“चुका शोधायला वाचते.”

“मग एक चूक सांगते तुम्हाला. त्रेपन्न ही माझी चूक आहे.”

शनिवारी संध्याकाळी एकटी असताना तिनं सगळा हिशेब फळ्यावर मांडला होता, आणि उत्तर आलं होतं त्रेपन्न. त्याला गोल करून ती घरी गेली. रविवारी सकाळी घरी कागद पुन्हा बघताना तिच्या लक्षात आलं की सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळा तिनं दोनदा धरल्यात. दुरुस्त केल्यावर एक्कावन्न आलं. तेच छापलं. त्रेपन्न हा आकडा जगात एकाच ठिकाणी होता, त्या फळ्यावर. आणि तो लिहिणारी ती एकटीच. मग जिन्यात ती काय सांगणार? की चोरीला गेलेला आकडा फक्त मलाच माहीत होता?

मंजुषाला तिचं गप्प बसणं कळलं. तिनं स्वतःही तेच केलं असतं. चूक कबूल करण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं परवडतं, अशी काही माणसं असतात.

मग हिशेब सोपा झाला. शनिवारी संध्याकाळनंतर आणि सोमवारी सकाळच्या आत कुणीतरी फळा वाचला. तो वाचला आणि पुसला. पुसणारी क्षिप्रा नव्हे. तिनं जन्मात फळा पुसला नव्हता. चाव्या तिघांकडे: गोटीराम, खजिनदार रणजीत घोरपडे आणि अध्यक्ष. शिवाय उपाध्यक्ष दिनानाथ सामंत रविवारी कधीमधी गोटीरामला दार उघडायला लावून पेपर वाचत बसायचे.

गोटीराम तळवलीचा. शालीवरून आधीच ऐकून घेतल्यामुळे फुगलेला. मंजुषानं विचारलं तसा म्हणाला, “बाय, रव्वारी मी गावान व्हतो, देवीचा भंडारा. दिनानाथ सर पन तिकरंच जेवले, इचारा. आनि मी पुसला असता त ओल्या फडक्यानी पुसला असता, वरपासून खालपरत. मना वाचता येतं. पुसू नका लिवलंय त कशाला पुसू?”

ते खरं होतं. गोटीराम ओलं फडकं मारतो. सोमवारी फळ्यावर खडूची कोरडी भुकटी होती. कुणीतरी डस्टरनं पुसला होता, आणि वरची ओळ सोडून.

५

रणजीत घोरपडे साताऱ्याकडचा, पनवेलच्या ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा. क्षिप्राच्या जागेसाठी त्यानंही अर्ज केला होता, हे सगळ्या कचेरीला माहीत. मंजुषानं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “या, बाई. माझा नंबर कधी लागतोय याचीच वाट बघत होतो. मी जळतो तिच्यावर, लिहून घ्या. पण मी उघड जळतो. गुपचूप जळणाऱ्यांकडे बघा जरा.”

तिनं फळ्याचं काढलं. तो हसला. कॉलेजात फळा कोण पुसतो? तास संपला की खडू टाकायचा आणि निघायचं. पुढचा येईल तो बघेल. खोटं वाटत असेल तर खोली बघा. त्यानं दारातूनच दाखवलं: मंगळवारच्या बैठकीत त्यानं फळ्यावर काढलेला तक्ता अजून तसाच होता. क्षिप्रावर ओरडणाऱ्या कुणाच्या ते डोळ्यांवर आलं नव्हतं, कारण तो पुरुष आणि संघटनेतला. मंजुषाच्याही नाही.

दिनानाथ सामंत निवृत्त चित्रकला शिक्षक. आयुष्यभर शाळेत काढलेलं, म्हणजे पुसण्याची सवय पक्की. आणि त्यांचा उजवा खांदा आखडलेला. हात वर जात नाही. म्हणूनच वरची ओळ राहिली असेल? गोटीरामकडची चावी त्यांनी भंडाऱ्यातच मागून घेतली असेल? तिनं त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर नीट लावायला सांगितलं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. हात कपाळाच्या वर गेला नाही, आणि ते ओशाळून म्हणाले की बाई, तुम्हीच लावा.

ती फळ्यापाशी गेली. रणजीतच्या तक्त्यावर ती ओळ अजून होती, आणि सोमवारी तिच्या बोटभर खालपर्यंत सगळं लख्ख पुसलेलं तिला आठवत होतं. दिनानाथरावांचा हात पोचला असता तो फार तर फळ्याच्या निम्म्यापर्यंत. हे उंच माणसाचं काम. आणि त्याचा हात वर पोचत असूनही त्यानं ती ओळ सोडली होती.

का सोडली असेल?

मग तिला स्वतःचा वर्ग आठवला. शिरवण्यात ती रोज तास संपला की डस्टर घेते आणि फळा पुसते. सगळा नाही. वरची पट्टी सोडून. तिथं तारीख असते, पट असतो, वर्गप्रमुखानं लिहिलेला सुविचार असतो. ती दिवसभर राहते. तिथं काय लिहिलंय हे शाळेचा शिक्षक वाचत नाही. त्याचा हात तिथवर जातो आणि आपोआप खाली वळतो. पुसणाऱ्यानं ‘पुसू नका’ वाचलंच नव्हतं.

म्हणजे शाळेत मुरलेला, उंच, चावी असलेला माणूस. असा माणूस एकच उरत होता, आणि तो तर लेकीकडे पनवेलला होता.

चहा घेऊन गोटीराम आला आणि कालचं स्थानिक साप्ताहिक टेबलावर टाकून गेला. आतल्या पानावर फोटो होता. नेरुळला रविवारी संध्याकाळी कुठल्याशा शिक्षणप्रेमी मंडळानं समितीवरच्या त्या अधिकाऱ्यांचा सत्कार केला होता. खांद्यावर शाल घालतायत आपले अध्यक्ष. फोटो काळापांढरा, छपाई भिकार. पण शालीच्या काठावरचे मोर मंजुषानं अंधारातही ओळखले असते. वाशीच्या बाजारात ती शाल घेताना तिला स्वतःलाच ठेवून घ्यावीशी वाटली होती. शनिवारी दुपारी कपाट लावताना तिनं ती सगळ्यांत वर ठेवली होती. फळ्याला लागून असलेल्या कपाटात.

६

शनिवारी अध्यक्षांनी तिला बोलावून विचारलं, नाव तयार आहे ना? ती हो म्हणाली.

टेबलावर लाखेचं सील केलेलं पाकीट पडलं होतं आणि त्यावर चहाचा कप. कपाच्या बुडाची गोल ओली वर्तुळं एकावर एक उमटलेली. सील जसंच्या तसं होतं, अख्खं.

अध्यक्ष त्या दिवशी मोकळे बोलत होते. वीस वर्षं गळा फाडून संघटना उभी केली, म्हणाले. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आणि आता अधिकारी आपल्याकडे बघत नाहीत. मान वळवून विचारतात, मॅडम, तुमचं काय म्हणणं? माझ्यासमोर. माझ्याच टेबलावर.

मंजुषा ऐकत होती. हे सगळं तिला शब्दाशब्दानं ठाऊक होतं. हेच ती चार वर्षं रोज स्वयंपाक करताना मनात बोलत होती. फक्त तिच्या बोलण्यात ‘अधिकाऱ्यां’च्या जागी ‘अध्यक्ष’ असायचे, एवढाच फरक. सत्काराच्या वेळी काय झालं असेल तेही तिला समोर घडल्यासारखं दिसलं. अधिकारी म्हणाले असतील, तुमच्या त्या मॅडम भारी हुशार. आणि यांच्या पोटात पेटलं असेल. मॅडम कसल्या, त्यांचं सगळं गणित माझ्या खिशात आहे. आणि मग खिशातून तो आकडा निघाला असेल, शाल आणायला गेले तेव्हा फळ्यावरून उचललेला.

“तुम्हाला माझं दुःख कळतं, बाई,” अध्यक्ष म्हणाले.

“कळतं, सर,” ती म्हणाली. “कुणाला कळणार नाही इतकं कळतं.”

त्या रात्री घरी ती केबिनचा विचार करत बसली. काचेचं दार, गारवा, दारावर आपल्या नावाची पाटी. एक कागद पुढं सरकवला की झालं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं.

७

रविवारी नेरुळच्या शाळेचा हॉल शिक्षकांनी भरला होता. व्यासपीठामागं फळा, वरच्या कडेला कुणीतरी सुबक अक्षरात तारीख आणि ‘सर्वसाधारण सभा’ लिहून ठेवलं होतं. पहिल्या रांगेत क्षिप्रा एकटीच बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. लोक उभे राहत होते, पण तिथं बसत नव्हते.

अध्यक्ष बोलायला उठले. भाषण करताना फळ्यावर लिहायची त्यांची जुनी ढब. त्यांनी खडू घेऊन फळ्याच्या मधोमध भलं मोठं त्रेपन्न लिहिलं. त्याच्याखाली रेघ ओढली.

“हा आकडा आपल्या गुप्त अहवालात होता. मी तो वाचला, पाठ केला. आणि बुधवारी तो शत्रूच्या तोंडून ऐकला. कुणामुळे, ते आता मंजुषाबाई सांगतील.”

मंजुषा व्यासपीठावर गेली. पहिल्या रांगेतून क्षिप्रा तिच्याकडे बघत होती, कशाचीही अपेक्षा नसल्यासारखी.

“मला क्षिप्रा मॅडम आवडत नाहीत,” मंजुषा म्हणाली. “आजही नाही. म्हणूनच मला हे काम दिलं. कार्यकारिणीच्या सभासदांनो, तुमची पाकिटं आणलीयत ना? उघडा. शेवटचं पान.”

हॉलभर पाकिटांची सळसळ झाली आणि सभासद ओशाळून सील हातानं झाकू लागले. एकूणएक सील अजून शाबूत होती. सभेतले लोक ते बघत होते. रणजीत घोरपडेनं आपलं फोडलं, पान उलटलं, पुन्हा पाहिलं आणि उभा राहिला.

“इथं एक्कावन्न हाय,” तो मोठ्यानं म्हणाला. कॉलेजातली भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली होती. “त्रेपन्न कुठंच नाय.”

मंजुषानं फळ्याकडे हात केला. त्रेपन्न फक्त एका ठिकाणी होतं, तिनं सांगितलं. वाशीच्या बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर, शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. तो चुकलेला हिशेब होता आणि मॅडमनी तो रविवारीच सुधारला. ज्यांना सुधारलेला आकडा ठाऊक होता त्या मॅडम चुकीचा कशाला विकतील? चोरानं फळा वाचला, पण अहवाल वाचला नाही. चोराला अजूनही वाटतंय की आपला आकडा त्रेपन्नच आहे. मग तिनं साप्ताहिकातला फोटो वर धरला. ही शाल त्या फळ्याशेजारच्या कपाटातून गेली. गोटीरामनं नेली नाही. ती त्याच रविवारी कुणी कुणाच्या खांद्यावर घातली ते बघून घ्या, आणि पनवेलच्या लेकीलाही विचारा.

अध्यक्षांनी डस्टर उचललं. विचार करून नव्हे. तीस वर्षांच्या सवयीच्या हातानं उचललं. आणि ते फळा पुसू लागले.

“पुसू नका, सर,” मंजुषा म्हणाली.

हात थांबला नाही. त्रेपन्न गेलं, रेघ गेली, उंच हात फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि वरच्या तारखेच्या बोटभर खालून वळून मागं आला. तारीख तशीच राहिली. ‘सर्वसाधारण सभा’ तसंच राहिलं. हॉलमध्ये सगळे शाळेतलेच शिक्षक होते. मंजुषानं मगाशी कोऱ्या फळ्याचं काहीच सांगितलं नव्हतं, तरी मागच्या रांगेतून गोटीराम उभा राहिला आणि त्यानं बोट दाखवलं.

“आसाच,” तो म्हणाला. “सोमवारी आसाच पुसला व्हता.”

पहिल्या रांगेत क्षिप्राच्या शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. मग दुसऱ्या बाजूलाही. मंजुषाचा जुना निखारा पुन्हा फुलला, कारण आता टाळ्या झाल्याच तर त्या क्षिप्राला होणार होत्या. तिनं तो फुलू दिला. ती अध्यक्षांच्या दिशेनं वळली.

“आमच्या अहवालात नसलेला आकडा आमचा आहे, हे तुम्हाला कुठून कळलं? आणि एक्कावन्नच्या पुढं गेलं की अतिरिक्त ठरणाऱ्या लहान गावांतल्या शिक्षकांचं काय करणार होतात? लोक बसलेत, सर. उत्तर द्या.”